नियमगिरी आंदोलन

नियमगिरी आंदोलन : ओडिशा राज्याच्या नैर्ऋत्य भागातील नियमगिरी पर्वतरांगेत बॉक्साइटची खाण काढण्याच्या योजनेविरुद्ध तेथील डोंगरिया कोंढ व इतर रहिवाशांनी २००३ नंतर सु. दहा वर्षे चालविलेले आंदोलन. पर्वत हाच आपला देव व पूर्वज असून तो खणू देता येणार नाही, ही या आंदोलनाची मूळ भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी या भूमिकेची दखल घेतली. खाणीमुळे रहिवाशांच्या उपासनेच्या हक्कास बाध येतो किंवा कसे, याचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्यानुसार त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये भरलेल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. धर्मश्रद्धेवर आधारलेल्या स्थानिक चळवळीतून पर्यावरणाचे रक्षण आणि दुर्बल समाजाच्या हक्कांची प्रस्थापना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या गेल्याचे अलीकडच्या काळातील हे महत्त्वाचे उदाहरण होय. मात्र श्रद्धेच्या आधारे मिळालेल्या या संरक्षणाला मर्यादाही आहेत व त्या याच आंदोलनातून स्पष्ट झाल्या.

भूमी व लोक : नियमगिरी ही पूर्व घाटातील एक रांग असून ती रायगडा व कालाहांडी या जिल्ह्यांत सु. २५० चौ.किमी. क्षेत्रात पसरली आहे. पूर्व घाटाच्या या भागातील प्रमुख खडकास भूविज्ञानात खोंडालाइट म्हणतात. हे नाव येथील कोंढ (खोंड) लोकांवरूनच विसाव्या शतकाच्या आरंभी देण्यात आले. या खडकावर दीर्घकाळ झालेल्या वातावरणक्रियेमुळे डोंगरमाथ्यांवर जांभा व बॉक्साइट यांचे जाड थर तयार झाले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यातील सड्यांवर, आढळणारे बॉक्साइटही अशाच क्रियेने बनले असले, तरी तेथील मूळ खडक बेसाल्ट आहे. बॉक्साइटचा थर सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते व पायथ्याकडील झऱ्यांतून ते सावकाश बाहेर पडते. नियमगिरीतील अनेक झरे उन्हाळ्यातही वाहते राहतात. वंशधारा नदीला तसेच नागावलीच्या उपप्रवाहांना या रांगेतून पाणी मिळते. उतारांवर सालाची व मिश्र पानझडी वने असून हत्तींच्या ये-जा करण्याच्या मार्गांच्या दृष्टीनेही हा प्रदेश महत्त्वाचा आहे.

कोंढ ही ओडिशातील सर्वांत मोठी आदिवासी जमात आहे. तिच्यापैकी डोंगरावर राहणारे ते डोंगरिया कोंढ. त्यांची संख्या सु. ८,००० असून केंद्र शासनाने त्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. रांगेच्या लांजीगढकडील बाजूस कुटिया कोंढांची वस्ती आहे. डोंगरियांची कुवी ही भाषा द्राविड कुलातील असून गोंडीशी तिचे जवळचे नाते आहे. उतारावरील झाडी तोडून व जाळून केलेली फिरती शेती (पोडू) आणि फळबागा हे त्यांच्या उपजीविकेचे मुख्य साधन. नाचणी व इतर भरड धान्ये, तूर, हळद, आले, केळी, अननस, संत्री व फणस ही त्यांची पिके होत. मुनिगुडा, चाटिकोना इ. ठिकाणच्या आठवडी बाजारांत ही फळे व हळद विकून ते मीठ, कापड व लोखंडी अवजारे घेतात. सलप (भेर्ली माड) या वृक्षाचा रस हे त्यांचे आवडते पेय असून असे वृक्ष कुटुंबाची संपत्ती मानले जातात. डोंगरिया स्त्रीपुरुष अंगावर घेत असलेल्या ‘कपडागंडा’ या भरतकाम केलेल्या शालीस २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

ही जमात दरिद्री आहे असे सरकारी अहवालांत म्हटले जाते व रोख उत्पन्न, साक्षरता आणि आरोग्यसेवा या कसोट्यांनुसार ते खरेही आहे. परंतु बाहेरून विकत घ्याव्या लागणाऱ्या गोष्टी थोड्या आणि डोंगरातून मिळणाऱ्या गोष्टी पुष्कळ, अशी तिच्या अर्थव्यवहाराची घडण आहे. त्यामुळे खाणीच्या मोबदल्यात रोख रक्कम किंवा नोकरी देऊ करणाऱ्यांस तिचे उत्तर अनाकलनीय वाटले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री बव्हंशी शासकीय वन होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांच्याकडे सातबाऱ्यासारखा कोणताही उतारा नाही, त्यांना भरपाई तरी कशाच्या आधारे मागता येणार, हा प्रश्न होताच.

श्रद्धाविश्व : डोंगरियांच्या दैवतांत धरणी पेनू (भूमाता) आणि नियम राजा (नियम पेनू) ही दोन दैवते प्रमुख होत. ‘पेनू’ म्हणजे देव; महाराष्ट्रातील गोंड आपल्या देवास ‘पेन’ म्हणतात, तोच हा शब्द. नियम राजा हा पर्वताचा अधिपती, जमातीचा मूळ पूर्वज आणि तिला आचाराचे नियम घालून देणारा शास्ता मानला जातो. डोंगरातील झरे त्याने निर्माण केले, फळझाडे त्याने दिली व त्यांची राखण करण्याचे काम डोंगरियांकडे सोपविले, अशी त्यांची समजूत आहे. झऱ्यांचे राखणदार या अर्थी ते स्वतःस ‘झर्निया’ म्हणवतात. धार्मिक कृत्ये जानी (पुजारी) व बेजुणी (अंगात येणारी स्त्री) यांच्याकडे असतात. गावात धरणीची स्थापना शिळांच्या रूपाने केलेली असते. नियम राजाचे मात्र मंदिर नाही, मूर्ती नाही. पर्वत हेच त्याचे रूप होय.

महाराष्ट्रातील वाचकास ही कल्पना सर्वस्वी अपरिचित नाही. त्र्यंबकेश्वरी गोदावरीच्या उगमामुळे संपूर्ण ब्रह्मगिरीस प्रदक्षिणा घालतात, ती केवळ एखाद्या देवळाला नसते. देवराईतील वाळलेली फांदीही न तोडण्याच्या प्रथेमागे असाच भाव आहे. फरक इतकाच, की देवराईला हद्द असते. नियम राजाला ती नाही; आणि पुढे न्यायालयात या हद्दीचाच प्रश्न उपस्थित झाला.

डोंगरमाथ्यावरील झाडे तोडू नयेत, असा डोंगरियांचा कडक निर्बंध आहे. उतारावरील जंगल ते पोडूसाठी तोडतात व त्यामुळे काही उतार उघडे पडलेलेही दिसतात. माथा मात्र राखला जातो. पाणी धरून ठेवणारा बॉक्साइटचा थर याच माथ्यावर आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तथापि त्यावरून या धर्मास आधुनिक पर्यावरणशास्त्राची जणू पूर्वावृत्ती ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. याच धरणी पेनूला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोंढ लोक ‘मेरिया’ नावाचा नरबळी देत असत. इंग्रजांनी तो शस्त्रबळाने बंद पाडल्यावर त्याची जागा रेड्याने घेतली. श्रद्धा जशी झरे राखते, तशी ती इतर गोष्टीही करवून घेते. नियमगिरीच्या पुष्कळशा पुरस्कर्त्यांनी, विशेषतः परदेशातील, या बाजूकडे दुर्लक्ष करून डोंगरियांचे एक निष्पाप चित्र रंगविले. त्या चित्राची आंदोलनाला खरे म्हणजे आवश्यकता नव्हती.

खाण व कारखाना : नियमगिरीच्या माथ्यावर सु. ७.२ कोटी टन बॉक्साइट असल्याचा अंदाज होता. बॉक्साइटपासून ॲल्युमिना व ॲल्युमिनापासून ॲल्युमिनियम बनते. एक टन धातूसाठी सु. चार ते पाच टन बॉक्साइट लागते व दाहक सोडा मिसळलेला लाल गाळ मागे उरतो. जून २००३ मध्ये वेदांत उद्योगसमूह आणि ओडिशा शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. पायथ्याशी लांजीगढ येथे वार्षिक १० लक्ष टन क्षमतेचा ॲल्युमिना कारखाना उभारावा आणि ओडिशा खनिकर्म महामंडळाने माथ्यावरील सु. ६६० हेक्टर वनभूमीवर खाण काढून त्यास बॉक्साइट पुरवावे, अशी ही योजना होती.

योजनेतील मुख्य दोष असा, की कारखान्याला परवानगी मागताना खाणीचा प्रश्न वेगळा ठेवण्यात आला. खाण मंजूर होण्यापूर्वीच २००७ मध्ये कारखाना सुरूही झाला. एवढा खर्च झाल्यावर खाण नाकारणे अव्यवहार्य ठरेल, असा युक्तिवाद मग आपोआप उभा राहिला. कारखान्याच्या जागेसाठी शंभरावर कुटुंबे आपल्या गावांतून उठविली गेली आणि त्यांना कंपनीने बांधलेल्या वसाहतीत हलविण्यात आले. ही कुटुंबे मुख्यतः पायथ्याची होती. खाणीला विरोध करणारे डोंगरावरचे लोक आणि कारखान्यामुळे आधीच भूमिहीन झालेले पायथ्याचे लोक यांचे हितसंबंध पुढे नेहमीच जुळले असे नाही. पायथ्याच्या लोकांची मागणी बहुधा नोकरीची राहिली.

आंदोलन : बॉक्साइटच्या खाणींस ओडिशात पूर्वीही विरोध झाला होता. पश्चिम ओडिशातील गंधमार्दन पर्वतावरील सरकारी कंपनीची खाण १९८० नंतरच्या दशकात लोकांनी बंद पाडली. या पर्वताच्या दोन बाजूंस नृसिंहनाथ व हरिशंकर ही देवस्थाने असल्याने तेथेही भाविकांचा मोठा सहभाग होता. रायगडा जिल्ह्यातच काशीपूरजवळ मैकंच येथे १६ डिसेंबर २००० रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी मृत्युमुखी पडले. ही स्मृती ताजी असतानाच नियमगिरीचे प्रकरण सुरू झाले. कुमटी माझी, लादो सिकाका, लिंगराज आझाद इत्यादींनी नियमगिरी सुरक्षा समितीमार्फत गावोगाव सभा घेतल्या. माथ्याकडे जाणारा रस्ता अडविणे, सर्वेक्षणास आलेल्यांना परत पाठविणे, मोर्चे व धरणी हे मार्ग अवलंबिले गेले. जानेवारी २००९ मध्ये हजारो लोकांनी डोंगराभोवती मानवी साखळी केली. दरवर्षी डोंगरावर भरणाऱ्या नियम राजाच्या उत्सवाला याच काळात सभेचेही स्वरूप आले. पूजा, बळी व नाच यांच्या जोडीला तेथे भाषणे होऊ लागली आणि एरवी आपापल्या कुळांच्या क्षेत्रात विखुरलेली गावे एकत्र आली. डोंगरियांना एक राजा वा एक पंचायत नव्हती. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे हा देवच होता. या दृष्टीने श्रद्धा ही आंदोलनाची केवळ भावनिक बाजू नव्हती. संघटनेचे कार्यही तिनेच केले.

आंदोलनाचा आवाज दूरवर पोहोचला. नॉर्वेच्या शासकीय निवृत्तिवेतन निधीने २००७ मध्ये वेदांत कंपनीतील आपली गुंतवणूक काढून घेतली. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने सु. ३८ लक्ष पौंडांचे आपले भाग विकले. स्थानिक जनसमूह व मानवी हक्क यांविषयी कंपनीने अपेक्षित आदर दाखविलेला नाही, असे कारण त्या संस्थेने दिले. इंग्लंडमधील एका प्राचीन ख्रिस्ती धर्मपीठाने ओडिशातील मूर्तिहीन पर्वतदेवाच्या भक्तांसाठी आर्थिक निर्णय घ्यावा, ही घटना धर्मसंस्थांच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. कोंढांविषयी पहिली माहिती लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी याच धर्माला रानटी ठरविले होते.

प्रशासन व न्यायालय : सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्रदत्त समितीने २००५ मध्ये योजनेवर कडक टीका केली होती. तरीही ऑगस्ट २००८ मध्ये न्यायालयाने काही अटींवर वनभूमी देण्यास मान्यता दिली. नफ्याच्या पाच टक्के किंवा दहा कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती दरवर्षी स्थानिक विकासासाठी खर्चावी, ही त्यांतील एक अट होती. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने तत्त्वतः परवानगी दिली. या टप्प्यापर्यंत संपूर्ण चर्चा हत्ती, झाडे, पाणी आणि नुकसानभरपाई यांभोवती फिरत होती. नियम राजाचा उल्लेख असलाच तर तो लोकजीवनाच्या वर्णनापुरता असे.

परिस्थिती पालटली ती वनहक्क कायद्यामुळे. अनुसूचित जमाती व इतर परंपरागत वननिवासी यांचे हक्क मान्य करणारा हा कायदा २००६ मध्ये संमत झाला. वनभूमी अन्य कामासाठी वळविण्यापूर्वी संबंधित ग्रामसभांची संमती असली पाहिजे, असे मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये कळविले. जून २०१० मध्ये ना. चं. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक एस्. परशुरामन् यांचाही समावेश होता. १६ ऑगस्ट २०१० च्या अहवालात समितीने वनहक्क कायद्याच्या उल्लंघनावर बोट ठेवले आणि सु. २६ हेक्टर ग्रामवनभूमी कारखान्याच्या कुंपणात घेतल्याचे दाखवून दिले. कारखान्याची क्षमता सहापट करण्याचा बेत अमलात आल्यास माथ्यावरील सर्व बॉक्साइट अवघी चार वर्षे पुरेल, असेही समितीने नमूद केले. चार वर्षांच्या कच्च्या मालासाठी पर्वताचा माथा कायमचा काढून टाकायचा, असा हा हिशेब होता. पाण्याविषयी तज्ज्ञांत मतभेद होते. खाणकामाने जलसंचयाला धोका असल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेचे मत होते. खाणकामामुळे थरांत भेगा पडून उलट पाणी अधिक मुरेल, असा केंद्रीय खाण नियोजन संस्थेचा दावा होता. २४ ऑगस्ट २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी अंतिम परवानगी नाकारली. ओडिशा खनिकर्म महामंडळाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

न्या. आफताब आलम, न्या. के. एस्. राधाकृष्णन् व न्या. रंजन गोगोई यांच्या पीठाने दिलेला १८ एप्रिल २०१३ चा निर्णय हा या प्रकरणाचा कळसाध्याय होय. धर्मस्वातंत्र्याचे संविधानातील पंचविसावे व सव्विसावे अनुच्छेद आदिवासींच्या उपासनेलाही लागू होतात. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ आणि वनहक्क कायदा यांनी परंपरा व सांस्कृतिक ठेवा जपण्याचे काम ग्रामसभेवर सोपविले आहे. म्हणून खाणीमुळे नियम राजाच्या उपासनेला बाध येतो का, हे ग्रामसभेने ठरवावे. तसा बाध येत असल्यास तो हक्क जपला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. देवाचे स्थान हुंडलजाली नावाच्या शिखरावर असून ते नियोजित खाणीपासून सु. १० किमी. दूर आहे, असा मुद्दा न्यायालयासमोर आला होता. त्याचाही विचार ग्रामसभांनीच करावा, असे न्यायालयाने ठरविले. तीन महिन्यांत हे काम पुरे करावे आणि जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून उपस्थित असावा, असेही आदेश होते. एखाद्या देवतेच्या अधिवासाची व्याप्ती किती, हा प्रश्न न्यायालयाने पंडितांकडे किंवा पुरातत्त्वज्ञांकडे न सोपविता भक्तांच्या सभेकडे सोपविला, हे या निर्णयाचे वैशिष्ट्य.

ग्रामसभा : नियमगिरीत शंभरावर वस्त्या असताना राज्य शासनाने ग्रामसभांसाठी रायगडा जिल्ह्यातील सात व कालाहांडी जिल्ह्यातील पाच अशी बाराच गावे निवडली. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने या निवडीस आक्षेप घेतला. आंदोलकांनाही ती मान्य नव्हती. तरीही सभांवर बहिष्कार न घालता त्यांत आपले म्हणणे मांडण्याचे त्यांनी ठरविले. पहिली सभा १८ जुलै २०१३ रोजी सेरकापाडी येथे व शेवटची १९ ऑगस्ट रोजी जरपा येथे झाली. मधल्या काळात केसरपाडी, ताडीझोला, कुनाकाडू, पालबेरी, बाटुडी, फुलडुमेर, इजुरुपा, लांबा, लखपदर व खंबेसी येथे सभा झाल्या. पावसाळ्याचे दिवस, पायवाटा, जागोजागी पोलीस, न्यायाधीशांसाठी उभारलेले मांडव आणि भोवती खांद्यावर कुऱ्हाड घेतलेले स्त्रीपुरुष, असे या सभांचे दृश्य होते. कुवी न जाणणारे अधिकारी आणि उडिया न बोलणारे बहुसंख्य ग्रामस्थ यांच्यात दुभाष्याची गरज पडे.

अधिकाऱ्यांना हवी होती ती यादी. कोणता हक्क, किती जमीन, पूजेची जागा नेमकी कोठे, या स्वरूपाच्या नोंदी त्यांनी आणल्या होत्या. ग्रामस्थांनी एकामागून एक उठून जे सांगितले, ते अशा रकान्यांत बसणारे नव्हते. संपूर्ण डोंगर नियम राजाचा आहे. झरे, फळे, कंद, पोडूची जमीन, गुरांचे चराऊ रान आणि पूर्वजांची स्थाने त्याच्यातच येतात. त्यांतून पूजेची जागा तेवढी कुंपण घालून वेगळी करता येणार नाही, असा त्यांच्या निवेदनांचा आशय होता. न्यायालयाने उपासनेपुरता प्रश्न विचारला होता. उत्तर मिळाले ते उपासना, अन्न व पाणी यांत भेदच न मानणारे. दहा किलोमीटर अंतराचा मुद्दा त्यामुळे निकालात निघाला. देवाच्या शरीराचा एक अवयव दुसऱ्यापासून दूर आहे, या मुद्द्याला भक्ताच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता.

इजुरुपा या गावाची गोष्ट विशेष बोलकी आहे. तेथे गौड या बिगरआदिवासी जातीचे एकच कुटुंब राहत होते. अशा गावाची निवड का झाली, याविषयी तेव्हा बरीच चर्चा झाली. परंतु त्या कुटुंबातील मतदारांनीही खाणीस नकार दिला. बाराही गावांचे ठराव एकाच आशयाचे निघाले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने खाणीस अंतिम नकार कळविला. ग्रामसभा पुन्हा घेण्याची परवानगी मागणारा महामंडळाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी फेटाळला.

महत्त्व व मर्यादा : या आंदोलनाने ग्रामसभेच्या संमतीला प्रत्यक्ष वजन मिळवून दिले. तोपर्यंत अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा ही प्रायः कागदावरची संस्था होती. पायथ्याच्या गावाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मत द्यावे व राज्य शासनाला ते स्वीकारावे लागावे, असे यापूर्वी क्वचितच घडले होते. तथापि निर्णयाचा पाया उपासनेच्या हक्कावर असल्याने काही अडचणीही निर्माण झाल्या. ज्या डोंगरात देव नाही किंवा ज्यांचा देव डोंगर सोडून घरात राहतो, अशा लोकांना झरे वाचविण्याचा अधिकार कमी का असावा, याचे उत्तर या निर्णयात मिळत नाही. डोंगरिया गावांतच राहणाऱ्या डोंब या दलित जातीच्या कुटुंबांचे उदाहरण येथे देता येईल. त्यांचा निर्वाहही डोंगरावरच चालतो. पण वनहक्क कायद्यानुसार बिगरआदिवासींना ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो आणि नियम राजाचे वंशज म्हणूनही ते उभे राहू शकत नाहीत. न्यायालयाने परंपरागत वननिवासींचा उल्लेख केला आहे हे खरे. पण आंदोलनाच्या प्रतिमेत मात्र त्यांना जवळजवळ स्थान मिळाले नाही. श्रद्धा सिद्ध करण्याची जबाबदारी श्रद्धाळूंवर पडते व त्यासाठी त्यांना आपला धर्म अधिकाऱ्यांपुढे मांडून दाखवावा लागतो, हीदेखील एक विषमताच होय. मोठ्या धर्मांच्या तीर्थस्थानांना असे सिद्ध करावे लागत नाही.

विजयानंतर डोंगरात शांतता नांदली असे नाही. या भागात माओवाद्यांचा वावर असल्याने निमलष्करी दलांची गस्त कायम राहिली. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात नियमगिरी सुरक्षा समितीचा संबंध माओवाद्यांशी जोडण्यात आला. समितीने त्याचा इन्कार केला. २०२३ मध्ये समितीच्या काही कार्यकर्त्यांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला व टीकेनंतर त्या कायद्याची कलमे मागे घेण्यात आली. लांजीगढचा कारखाना बंद पडला नाही. इतर ठिकाणाहून आणलेल्या बॉक्साइटवर तो चालू राहिला व त्याची क्षमताही वाढविण्यात आली. मार्च २०१९ मध्ये कारखान्याच्या दारात नोकऱ्यांसाठी निदर्शने करणारे स्थानिक लोक आणि सुरक्षा दल यांच्यात झालेल्या चकमकीत दोन्ही बाजूंचा एकेक माणूस दगावला.

महाराष्ट्रात या आंदोलनाशी साम्य असलेला प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड येथे उद्‌भवला. तेथील लोहखनिजाचा डोंगर हे माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान असून दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. परिसरातील ग्रामसभांनी देवाच्या नावाने, वनहक्क कायद्याचा आधार घेऊन खाणीस विरोध केला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये देशात प्रथमच सामूहिक वनहक्क मिळविले होते. म्हणजे ग्रामसभेच्या अधिकारांची जाणीव या भागात कमी नव्हती. परंतु सूरजागडचा खाणपट्टा २००७ मध्येच दिला गेला होता आणि नियमगिरीप्रमाणे ग्रामसभांचा कौल घेण्याचा न्यायालयीन आदेश तेथे निघाला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथील वाहने मोठ्या संख्येने जाळल्यानंतर थांबलेले खाणकाम २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले.

ओडिशात नियमगिरीपासून जवळच, रायगडा व कालाहांडी याच दोन जिल्ह्यांत, सिजिमाली (तिजिमाली) हा बॉक्साइटयुक्त डोंगर आहे. तेथील रहिवासी तिज राजा या देवाची उपासना करतात. २०२३ मध्ये या डोंगरावरील खाणीसाठी लिलावात वेदांत कंपनीची निवड झाली. त्यानंतर अनुकूल म्हणून दाखविण्यात आलेले ग्रामसभांचे ठराव बनावट असल्याचा आक्षेप तेथील गावकऱ्यांनी घेतला.